बोडीतलं जाळं आन् माह्या अंगातलं

डुकरानं मांडी फाडली तवा मी जाळं वाचवाले गेली होती. लोक हासतात. हासू द्या. आमी ढिवर मानसं, जाळं गेलं का चूल गेली.

सकाळी बोडीतून, म्हंजे धानाजवळच्या लहान तळ्यातून, माशे काढले आन् तंगसाचं, नायलॉनच्या धाग्याचं, जाळं वाळाले पाळीवरच्या झुडपाइवर पसरलं. तेवढ्यात धानातून कुत्रे भुकत आले. त्याइच्या पुढं रानडुक्कर. तो सिदा जाळ्यात घुसला. आंधी तोंड अडकलं, मंग पाय. जेवढा झटके मारे तेवढा गुतत जाये. धागे तटतट तुटून राह्यले होते. मी काठ धरून वढाले लागली.

आमचा बुढा, माहा नवरा, वरडला, "सोड वो! काय करून राह्यली? फाडंल तुले!"

"जाळं फाटून राह्यलं अजी!"

डुकरानं मान झटकली. सुळा मांडीत घुसला आन् वरवर गेला. लुगडं, कातडं, मांस, सारं एका सपाट्यात. दुखलं नाई. गरम पानी सांडल्यावानी वाटलं. बुढ्यानं कुऱ्हाड घेतली आन् जाळ्यातच त्याच्या टकुऱ्यावर हानली. एका घावात नाई मेला तो. किंचाळे, घाव बसे, पुन्हा किंचाळे. त्याचं रगत माह्या तोंडावर उडे.

मंग बुढा माह्यापाशी आला. मी इचारलं, "किती फाटलं?"

"मांडी फाटली तुही, आन् जाळ्याचं इचारतं!" तो रडून राह्यला होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात टाके मारले. आत पू झाला, म्हून टाके खोलले. नर्सबाईनं दोनी अंगठे लावून दाबलं. पिवळं, घट्ट, भळभळ निंगालं. मी पलंगाची सळई धरून राह्यली, वरडली नाई. बाजूच्या खाटेवरची बाई वरडली माह्यावाटचं.

जखम भरत आली तसं घरी धाडलं. पडूनच राहो मी. मंग त्याच पायाची पोटरी फुगली. कातडं चमके, हात लावला त गरम लागे. राजुऱ्याकडे दिलेली माही ननंद भेटाले आली. तिच्या हाताले गुन हाये. लचकलेलं, मुरगळलेलं, बाळंतीन, कोनाचंबी अंग तिनं दाबलं का मानूस उठून चाले. आन् फुगलेला पाय म्हंजे दाबाचाच, आमाले दुसरं मालूमच नाई.

"वैनी, रगत गोठलं हाये इथी. रेटून मोकळं करतो."

"हळू वो बाई."

"डुकराले भेली नाई आन् ननंदेले भेतं का?"

मोहाच्या बियाचं कोमट तेल लावून ती टाचेपासून वर रेटत गेली. मी दात खाऊन पडली होती. आन् मंग छातीत सुळा घुसला. वाटलं, तोच डुक्कर परत आला. दम आत जायेच नाई. खोकली त ननंदेच्या पदरावर रगत.

"मारलं म्या वैनीले!" ती कपाळ बडवाले लागली.

बुढ्यानं टेम्पो आनला, पुन्हा तोच दवाखाना. तोंडावर हवेची नळी लावली. दम जरा बसला तवा तिथल्या लहान वयाच्या डॉक्टरीनबाईनं खाटेवर बसून सांगतलं, "आजी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. पहारेकरी समजा. जखमेतून जंतू घुसले की त्यातल्या काही स्वतः फुटतात आणि पोटातले धागे बाहेर फेकतात. जाळंच ते. जंतू त्यात अडकतात. तुमच्या पूमध्ये तेच धागे होते."

"मंग छातीत काय गेलं?"

"जाळी फार झाली, शिरेतही पडली. तुम्ही पडून, रक्त मंद. ते जाळ्यात अडकलं, त्याची गाठ झाली. पाय रेटल्यावर तुकडा सुटला आणि फुप्फुसात गेला."

"फेकूच नाई ना मंग त्याइनं!"

"नसतं फेकलं तर विष अंगभर गेलं असतं, आजी. जाळं वाईट नाही. वेळेवर निघत नाही, ते वाईट."

हे मले समजलं. आमचं एक जाळं बोडीच्या तळाशी खुटाले अडकून राह्यलं होतं. उन्हाळ्यात पानी आटलं तवा दिसलं. माशे, कासव, एक पानकोंबडी, सारे त्यात सडलेले. आमी घरी झोपलो होतो आन् ते मारतच होतं. पोटासाठी टाकलेलं जाळं.

"पाय कापा लागंन का?" मी इचारलं.

"आत्ताच सांगत नाही. औषधं चालू राहू द्या. आणि पायाला कोणी हात लावायचा नाही."

पोटात सुया टोचत, रगत पातळ कराच्या. पोट काळंनिळं झालं. दम घेतला का फासळीत कुऱ्हाड बसे. बुढा खाली जमिनीवर बसून फाटलं जाळं शिवे, मंधातच माह्या पायाची बोटं हालतात का पाहे. पाय राह्यला. मी बी राह्यली.

घरी आली तवा ननंद आली. दारातच बसली, हात काखेत दाबून.

"बाई, काऊन तिथी बसली?"

"माह्ये हात तोडून टाका वैनी."

"तोडले त भात कोन रांधंल? ये इथी."

मी चांगला पाय तिच्या मांडीवर टाकला. "हा दाब. हा डुकराच्या वाटेले गेला नाई."

तिनं काखेतून हात काढले. मंग उलट्या हातानं पोटरी चाचपली, गरम हाये का म्हून. दुसऱ्या पायासंगं जोखून पाह्यली. आन् मंग, लेकराचा पाय दाबल्यावानी, दाबाले लागली.

"जोरानं दाब वो," मी म्हनलं, "हे काय, माशी बसली का पायावर?"