पाठीला कान असलेले हिरामणभाऊ

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतात, तेव्हा मी फोन टेबलावर उभा केला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. ईशान घाबरून म्हणाला, "आजी, तू रागावलीस?" रागावले नव्हते. दोघांतलं खरं कोण बोलतंय ते ऐकत होते. ही सवय मला हिरामणभाऊंनी लावली. तुम्ही त्यांना कधी भेटला नाहीत, पण त्यांचं बोलणं तुम्हाला तोंडपाठ आहे. तलावाच्या पाळीवर बसून गावाची भांडणं सोडवणाऱ्या पाणकर आजोबांचे ते पाच-पाच मिनिटांचे भाग तुम्ही फोनवर परत परत लावता ना, त्यातला शब्द न् शब्द हिरामणभाऊंचा आहे.

मी कॉलेजातून निवृत्त होऊन तुमच्या आजोबांच्या गावी, म्हणजे नवेगाव बांध इथे, राहायला आले त्याच आठवड्यात ते शेजारधर्म म्हणून भेटायला आले. उंच, ताठ, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. नमस्कार केला, मी दिलेली खुर्ची उचलून भिंतीकडे वळवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. आयुष्यभर इंग्रजीचे वर्ग घेतले, पण पहिल्याच दिवशी पाठ फिरवणारा श्रोता मला कधी मिळाला नव्हता.

"हिरामणभाऊ, माझं काही चुकलं का?"

"नाही जी. बोला तुमी. तोंड पाहून मानूस फसते, आवाज आयकून नाही फसत."

मी गावाचं कौतुक केलं. तलाव किती सुंदर, हवा किती छान. ते भिंतीकडे बघत ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुमाले गाव पसंत नाही, मॅडमबाई. पन कोशिश करून राहिल्या. चांगलं आहे. कोशिश करा." आणि चहा मागितला.

ही पाठ त्यांना नाटकानं दिली होती. आपल्या झाडीपट्टीत नाटकाला हजारो माणसं जमतात, आणि कंपनी आज या गावी तर उद्या त्या गावी, म्हणून तालमीला फारसा वेळ नसतो. नाटक उभं राहतं ते प्रॉम्प्टरच्या जिवावर. तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली खड्ड्यात बसतो आणि नटांना एकेक वाक्य सांगतो. त्याचं तोंड नटांकडे, पाठ लोकांकडे. हिरामणभाऊ तरुणपणी असे प्रॉम्प्टर होते. वाक्य फुकट गेलं की मागे लोक कसे खोकतात, लागलं की कसे गप्प होतात, हे त्यांची पाठ शिकली. पुढे ते स्वतः नाटकं लिहू लागले. "गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत कोनालेही माहं नाव इचारा," हे वाक्य ते न लाजता कोणालाही ऐकवत. विचारलं तर लोक खरंच सांगत.

त्यांचं लिहिणं म्हणजे बोलणं. "लिवनं म्हंजे दुसरं काय जी? बोलनंच होय, फक्त हरूहरू." डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर ते माझ्या ओट्यावर येऊन सांगत आणि मी कॉम्प्युटरवर टंकलेखन करी. मला पानांवर क्रमांक हवेत, प्रवेश क्रमानं हवेत. ते तिसऱ्या प्रवेशातून एकदम शेवटाला जात. मी टोकलं की म्हणत, "मॅडमबाई, तुमी तं धानाले बी रांगेत पिकाले लावसाल." मी म्हणे, रोवणी रांगेतच होते. त्यावर ते हसत आणि मुकाट्यानं तिसऱ्या प्रवेशावर परत येत. संवाद झाला की मला म्हणत, "आता तुमी वाचा," आणि भिंतीकडे वळत. पाठ हलली नाही, तर वाक्य राहिलं. खांदा जरासा जरी उडाला, तरी मी न विचारता ते पुसून टाकी.

मग आपल्या तलावावर टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं. कथा इथल्या एका घराची. लेखक मुंबईचे, त्यांत रेवती नावाची एक मुलगी होती. तिनं गावात पहिल्याच दिवशी ओळखलं की आपल्या मालिकेतले शेतकरी पुण्याचं मराठी बोलताहेत. तिनंच हट्ट धरून हिरामणभाऊंना संवादांच्या कामावर घेतलं. ती त्यांना "बाबा" म्हणे, ते तिला "रेवताबाई". तिच्याशी फोनवर बोलतानासुद्धा ते फोन मागच्या खिडकीत ठेवून पाठ करून बसत. तिला हे कधीच कळलं नाही.

मालिकेत पाणकराचं पात्र अगदी लहान होतं. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांद्यांना, म्हणजे शेतांना, वाटून देणारा गावानं नेमलेला माणूस. त्याची दोन-चार वाक्यं लोकांना इतकी आवडली की वाहिनीनं ठरवलं, एकट्या पाणकर आजोबांचे छोटे भाग करायचे आणि फक्त इंटरनेटवर टाकायचे. युनिटमधले लोक त्यांना 'मिनी' म्हणत. इथेच वाद पेटला. निर्मात्यांचं म्हणणं होतं, मिनी ही मालिकेची जाहिरात आहे, आणि जाहिरातीसाठी लेखकांना वेगळं मानधनही नाही आणि नावही नाही. लेखक म्हणाले, गोष्ट लिहावी लागते, पात्रं बोलतात, मग ती जाहिरात कशी? रेवती आणि तिच्या सोबत्यांनी मिनी लिहायचं नाकारलं.

तेव्हा निखिल आला. तो निर्मात्यांचा माणूस, सकाळी गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर उतरून दुपारी माझ्या ओट्यावर हजर. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. हिरामणभाऊ नेहमीप्रमाणे वळून बसले आणि निखिल त्यांच्या पाठीशी बोलू लागला.

"सर, सगळ्या मिनी तुम्हीच लिहा. पाणकर हीरो. पूर्ण तुमच्या भाषेत, एक शब्दही आम्ही बदलणार नाही. तुम्ही त्या लेखकांच्या संघटनेत नाही, तुम्हाला कसलं बंधन? पैसेही लगेच देतो, हातात."

मी त्या पाठीकडे बघत होते. मला ठाऊक होतं, यांना याहून मोठी गोष्ट कोणी देऊ शकत नव्हतं. इतकी नाटकं लिहिली, पण हंगाम संपला की पडद्यांबरोबर ती गुंडाळली जात. "माहा शब्द हवेत गेला जी, हवेतच राह्यला," असं ते कधी कधी म्हणत. त्यांची नात पुण्याला शिकायला गेली होती आणि तिथे आपली बोली बोलायला लाजत होती. तिच्या फोनवर ही बोली वाजावी, कायम वाजावी, एवढं त्यांना हवं होतं. छातीचं दुखणंही तेव्हा सुरू झालं होतं.

"नाव येईन का?" त्यांनी विचारलं.

"सर, जाहिरातीत नावं नसतात. पण तुमच्या एकट्यासाठी मी बघतो काहीतरी."

"आन् रेवताबाईचं?"

निखिलनं घड्याळ बघितलं.

"बापू, माहा बाप पानकर होता. पानकरालेही आपली बांदी असते, धान असते. पन सगऱ्याइच्या बांद्या भिजल्याशिवाय तो आपल्या बांदीत पानी नाही घेत. आधी घेतलं, तं गाव दुसऱ्या दिवशी दुसरा पानकर ठेवते."

"सर, इथे पाण्याचा काय संबंध?"

"हेच लिवाचं आहे ना तुमच्या मिनीत? अन् मलेच इचारता, पान्याचा काय संबंध?"

निखिल गेल्यावरही हिरामणभाऊ वळले नाहीत. मी म्हटलं, "बरोबर केलंत." ते म्हणाले, "बरोबर तं केलंच. पन मले लिवाचं होतं ना जी." त्यांच्या तोंडून असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकायला मला पाठ फिरवावी लागली नाही.

निखिलला तारीख पाळायची होती. त्यानं ठरवलं, लेखकाशिवायच करू. पाणकराच्या भोवतीचे सगळे नट इथलेच, झाडीपट्टीचे कसलेले. त्यांना म्हणाला, प्रसंग असा असा आहे, तुमच्या मनानं बोला. पाळीवर कॅमेरा लागला. अनसूयाबाई, आमच्याकडची नावाजलेली नटी, हिच्या म्हशीनं जावेचं परं खाल्लं म्हणजे धानाची रोपं फस्त केली, असा प्रसंग. आम्ही दोघं पाळीखालच्या चहाच्या टपरीवर होतो. हिरामणभाऊ अर्थातच शूटिंगकडे पाठ करून.

"ॲक्शन" झालं. अनसूयाबाई पुढे आली, कमरेवर हात ठेवला आणि खाली कॅमेऱ्याच्या पायाशी बघत उभी राहिली. तिची जाऊही तिथेच बघत राहिली. पाणकरही.

"काय झालं?" निखिलनं विचारलं.

"परामटर कुठी आहे?"

"प्रॉम्प्टर नाहीये, बाई. मनानं बोला."

"मनानं मी घरी बोलतो जी, नवऱ्यासंग. इथी परामटर लागते. मले तं त्याच्याबिगर आपलं नावही आठवत नाही."

"घरात बोलता तसंच बोला ना!"

"तसं बोलली तं तुमी टीव्हीवर नाही दाखवू शकत."

युनिट हसलं. परत "ॲक्शन", परत तीच नजर खाली, तोच कमरेवर हात. ही तीच अनसूयाबाई, जिनं मागे एकदा प्रॉम्प्टरचा आवाज बसल्यावर अख्खा प्रवेश मनानं रचून ओढून नेला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हिरामणभाऊंची पाठ दगडासारखी स्थिर होती.

"आयकलं का मॅडमबाई?" ते हळूच म्हणाले. "केवढा मोठा डायलॉग बोलून राहिली अनसूया! मले नसता लिवता आला."

दुसऱ्या दिवशीही नटांना काही आठवलं नाही. संध्याकाळी निखिल माझ्या ओट्यावर आला आणि स्वतःहून म्हणाला, "सर, तुमचं काय म्हणणं आहे?" हिरामणभाऊ म्हणाले, "माहं काही नाही. रेवताबाईचं इचारा." फोन लागले. निखिल अंगणात चालत मुंबईशी भांडला, आणि आमच्या बाजूनं भांडला, हे मला सांगितलं पाहिजे. करार इंग्रजीत आला. तो मी वाचला, कारण माझ्या शिक्षणाचा इतका सरळ उपयोग मला फार कमी वेळा करता आला आहे. 'जाहिरात' हा शब्द त्यात अजून होता. मी म्हटलं, तो काढून 'भाग' लिहा, बाकी मग बघू. दोन दिवसांनी तो शब्द निघाला. रेवतीचा फोन आला, "बाबा, आमच्या सगळ्यांचं झालं. नाव आणि मानधन, दोन्ही. फक्त या मालिकेपुरतं आहे, पण झालं." तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. "चला जी मॅडमबाई. सगऱ्याइचं झालं. आता आपल्या बांदीत पानी घेऊ." 

त्या महिन्यात मी जितकं टंकलेखन केलं तितकं आयुष्यात केलं नव्हतं. रेवती मुंबईहून गोष्टीचा सांगाडा पाठवी, हिरामणभाऊ त्यात जीव भरत. सेटवर कॅमेऱ्याच्या पायाशी एक पाट मांडला गेला आणि त्यावर हिरामणभाऊ बसू लागले, नटांकडे तोंड करून, हलक्या आवाजात वाक्य सांगत. अनसूयाबाईला लगेच सगळं आठवू लागलं. म्हशीचा तो भाग, ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त हसता, तो एकदाच्या सांगण्यात झाला.

पहिला भाग इंटरनेटवर आला त्या सकाळी त्यांनी नातीला आधी फोन केला, मग माझ्याकडे आले. मी फोन टेबलावर उभा केला. ते खुर्ची वळवून भिंतीकडे बसले. पाच मिनिटं ती पाठ हलली नाही. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, रेवतीचं नाव आणि त्याखाली त्यांचं. मी म्हटलं, "हिरामणभाऊ, वळा लवकर! नाव आलं!"

"माहं नाव मले मालूम आहे जी. थांबा, पानी वाजून राहिलं, ते आयकू द्या."

शेवटी तलावाच्या दारातून पाणी सुटल्याचा आवाज आहे, तो ते ऐकत होते. तो संपेपर्यंत नाव निघून गेलं होतं. मी परत लावते म्हटलं, तर म्हणाले, उद्या पाहू. दुपारी नातीचा फोन आला. तिनं तो भाग वसतिगृहातल्या मैत्रिणींना दाखवला होता आणि आजोबांशी ती आपल्या बोलीत बोलली. ते मला हे सांगताना माझ्याकडे तोंड करून बसले होते.

बाकीचे भाग एकेक करून आले. प्रत्येक वेळी तेच घडलं, पाठ, पाणी आणि "उद्या पाहू". धान कापणीला आलं तेव्हा एका सकाळी ते झोपेतच गेले. अंत्ययात्रेला अनसूयाबाई होती, रेवती मुंबईहून आली होती, निखिलही आला होता. तिकडे बाकीच्या मालिकांच्या मिनींवरून लेखकांची भांडणं चालूच आहेत, आणि रेवती म्हणते की प्रत्येक बैठकीत कोणीतरी पाणकराची गोष्ट सांगतं.

ईशान, मीरा, एक काम सांगते. भाग संपत आला की तुमचा फोन आपोआप पुढच्या भागावर उडी मारतो आणि तुम्ही त्याला मारू देता, हे मी पाहिलं आहे. तसं करू नका. पाणी सुटेपर्यंत थांबा, मग अक्षरं येतात. रेवतीच्या खाली त्यांचं नाव आहे, जेमतेम डोळा लवण्याइतका वेळ. त्यांनी ते एकदाही पाहिलं नाही. तुम्ही दर वेळी पाहा.