अप्पांची गाडी गर्दीत का अडकायची

माझे वडील, अप्पा, एसटीत ड्रायव्हर होते. नाशिकहून येवला, तिथून नांदगाव, याच रस्त्यावर त्यांची बरीचशी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि घरात बसून त्यांचे हात शिवशिवायला लागले. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. माझा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर घरी झाकून ठेवलेला होता. एका सुट्टीत मी त्यावर गाडी चालवायचा गेम टाकला आणि खेळण्यातलं वाटावं असं एक स्टीअरिंगही जोडून दिलं.

वाटलं, चार दिवसांत कंटाळतील. पण अप्पा रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यापुढे बसू लागले. गेम शर्यतीचा होता, आणि अप्पा लाल सिग्नलला थांबायचे. मागच्या गाड्या ठोकून पुढे जायच्या. "काय माणसं हायेत!" असं म्हणून ते हिरव्या दिव्याची वाट बघत बसायचे.

दिवाळीला मी त्यांच्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड नेलं आणि स्वतःच बसवलं. झाडांच्या सावल्या दिसू लागल्या, ओल्या डांबरावर दिवे चमकू लागले. अप्पा हरखले. पण थोड्याच वेळात म्हणाले, "पोरी, गाडी अजून ठेचकाळतीच की."

खरंच, चित्र मधेच अडकत होतं. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, कार्ड खराब असेल, घेऊन या. मी कार्ड काढायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

"थांब," अप्पा म्हणाले. "घाटात नाय ठेचकाळत. शहरात शिरली का मगच."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चित्र काढायचं काम कार्डाचं. कार्डच दमत असेल तर चित्र लहान केल्यावर त्याला हलकं वाटायला हवं. म्हणून मी रिझोल्युशन अगदी खाली आणलं. पडदा धुरकट झाला, पण गर्दीतले धक्के होते तस्सेच राहिले. मग गेम छोट्या खिडकीत चालू ठेवून शेजारी टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा तक्ता, उघडला. अप्पांची गाडी चौकात शिरली आणि प्रोसेसरची रेघ वर जाऊन छताला चिकटली.

"कार्ड चांगलंय, अप्पा," मी म्हटलं. "रस्त्यावरची कुठली गाडी कधी वळणार, कधी ब्रेक मारणार, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. तो जुना आहे, त्याला एवढी गर्दी झेपत नाही. त्याचं ठरेपर्यंत कार्ड नुसतं बसून राहतं."

अप्पांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे गाडी चालू, ड्रायव्हर तयार, अन् कंडक्टरची तिकिटंच व्हायचीत."

मी हसत सुटले. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

गेममधली वाहतूक कमी करायची सोय होती. मी ती पार शून्यावर नेली. गाडी लोण्यासारखी धावली. अप्पांनी एक फेरी मारली आणि स्टीअरिंग सोडून दिलं.

"काय झालं?"

"संचारबंदी लागल्यावानी वाटतं. समोरून कोणी येणारच नाय, तर चालवायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नाशिकच्या एम. जी. रोडवर गेलो. त्याच मदरबोर्डवर बसेल असा जास्त वेगाचा प्रोसेसर मिळाला. मी तो बसवत असताना अप्पा टॉर्च धरून वाकून उभे होते, माझ्या मानेला त्यांचा श्वास लागत होता. त्यांना बाजूला व्हा म्हणावंसं वाटलं नाही.

सगळी वाहतूक पुन्हा चालू केली. गाडी भर चौकात शिरली आणि गर्दीतून अलगद निघाली. अप्पा खुर्चीत ताठ झाले.

आई वाटाण्याच्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसली. अप्पांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत ती त्यांच्या गाडीत कधी पुढे बसली नव्हती.

"जरा हळू," ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता, "कुठं निघालात?"

"रस्ता जाईल तिकडं," अप्पा म्हणाले. "आज टाइमटेबल नाय."