अर्धा सूर खाली

कल्पना करा, तुमच्यासमोर दोन कॅसेट डेक आहेत. डावीकडच्यात मूळ कॅसेट, उजवीकडच्यात कोरी. दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि पाऊण तास काट्यांवर नजर ठेवायची. काटा लाल पट्ट्यात घुसला की रेकॉर्डिंगची पातळी कमी करायची, लोळायला लागला की वाढवायची. आणि हे सगळं आवाज बंद ठेवून, कारण भिंतीपलीकडे दाताचा दवाखाना आहे.

माझ्या आत्याने अशा चारशे कॅसेट काढल्या. जिन्याखालच्या तिच्या दुकानात दोन डेक, एक स्टूल आणि टेबल फॅन एवढंच मावायचं. कॅसेट होती आमच्याकडच्या पहिल्या हेवी मेटल बँडची. चार पोरांनी गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेली. बाकीच्या दुकानदारांनी त्यांचे केस बघूनच त्यांना वाटेला लावलं होतं. आत्या म्हणाली, मला केसांची कॉपी थोडीच काढायचीय. पहिल्याच दिवशी डॉक्टर येऊन सांगून गेले, की पेशंट माझं ड्रिल बघूनच अर्धमेला होतो, वर तुमचं हे नको. तेव्हापासून आवाज बंद. काटे हलताहेत म्हणजे गाणं चाललंय, असा तिचा सरळ मामला.

कॅसेट हातोहात गेली. पोरं ती लावून गिटार शिकली, आणि सूर जुळावा म्हणून तारा अर्धा सूर सैल करायची. पुढे त्यांनी बँड काढले, तेही तसेच सैल तारांचे. आज आमच्याकडचं मेटल इतरांपेक्षा जड का वाटतं, असं कुणी विचारलं की सगळे त्या कॅसेटकडे बोट दाखवतात.

आता तीस वर्षांनी त्या कॅसेटची मोठी रेकॉर्ड, म्हणजे तबकडी, निघणार होती. मूळ कॅसेट कधीच हरवलेली. म्हणून बँडच्या गिटारवाल्याने, म्हणजे लंबूने, आत्याने स्वतःसाठी ठेवलेली कॉपी मागितली. ती कॉम्प्युटरवर उतरवायचं काम घरातला इंजिनिअर म्हणून माझ्याकडे आलं.

दोन गाण्यांच्या मधे गॅरेजमधल्या विजेची बारीक घरघर ऐकू येत होती. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, म्हणून घरघरही पन्नासची हवी. इथे ती सत्तेचाळीसची भरली. माझा प्लेअर दुसऱ्या कॅसेटवर तपासला, तो बरोबर होता. म्हणजे कॉपी काढतानाच गाणं अर्धा सूर खाली आलं होतं.

आत्याला सांगितलं, तर तिने माळ्यावरून डावीकडचा डेक काढायला लावला. आतला रबरी पट्टा जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा ढिला पडला होता. डेक सावकाश फिरत होता आणि काटे मात्र छान हलत होते.

"म्हणजे पोरांची एकुलती एक कॅसेट मी बिघडवली," ती म्हणाली.

मी म्हटलं, वेग दोन मिनिटांत दुरुस्त होतो, लंबूला कळणारसुद्धा नाही.

"म्हणजे परत गुपचूप काम करायचं? नको. मीच सांगते त्याला."

लंबू दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हल्ली तो चष्म्याच्या दुकानात असतो, आणि ज्या केसांनी दुकानदार बिथरायचे ते आता उरलेले नाहीत. आत्याने त्याला बसायलाही न सांगता सगळं सांगून टाकलं. त्याने मला दोन्ही वेगांत ऐकव म्हटलं. दुरुस्त केलेलं गाणं लागलं आणि तो हसायलाच लागला.

"हे आम्ही? चावी दिलेल्या खेळण्यासारखं वाजतंय."

"हसतोस काय? असंच वाजवलं होतंत तुम्ही."

"ताई, मूळ कॅसेट आम्ही न ऐकताच तुमच्याकडे दिली होती, आमच्या हातातही तुमचीच कॉपी आली. आम्हाला वाटलं, टेपवर आलं की आवाज असा जड होत असेल. चौघंही खूश झालो. मग पुढच्या कार्यक्रमापासून आम्हीच तारा सैल केल्या. नाहीतर लोक म्हणाले असते, यांना कॅसेटसारखं वाजवता येत नाही."

रेकॉर्ड सावकाश वेगाचीच निघेल, असं सांगून तो गेला. आत्याचा जीव भांड्यात पडला. पण मग तिला आठवलं, की त्या चारशे कॅसेटच्या कामासाठी तिने पट्टा नवाकोरा बसवला होता. तो ढिला झाला मधेच कधीतरी. म्हणजे सुरुवातीच्या कॅसेट बरोबर वेगाच्या होत्या, आणि त्याही कुणीतरी घरी नेल्या होत्या.

प्रत्येक लेबलवर तिने क्रमांक टाकला होता. तिच्याकडची दोनशे बारावी. आता कुणी जुना शौकीन भेटला की ती आधी क्रमांक विचारते. आतापर्यंत सापडलेली सगळ्यात आधीची एकशे अठ्ठेचाळीसावी. तीही मी तपासली, तीही सावकाशच.

"पहिल्या पन्नासांतलं एखादं पोर मला भेटायला हवं," आत्या काल म्हणाली. "त्याने कॅसेटबरोबर अगदी बरोबर सूर लावला असणार. मग तो सैल तारांच्या मित्रांमध्ये वाजवायला बसला, तेव्हा बेसूर कोण ठरलं असेल रे?"