बॅटिंगचा नववा नंबर

सुनेत्रा सॉफ्टबॉलची काय दर्जाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती, हे लखनौत फक्त तिच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीला ठाऊक. बरीच वर्षं बाकी कोणी ते पाहिलंच नाही. अमरावतीच्या कॉलेजात होती तेव्हा, ७४ साली, खालून हात फिरवून ती असा चेंडू सोडायची की समोरची पोरगी बॅट उचलेपर्यंत तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला असे. मग जगदीशशी लग्न झालं. तो लखनौच्या एका सरकारी कार्यालयात ड्राफ्ट्समन. अमौसी विमानतळाच्या वाटेवर कॉलनी, दोन खोल्यांचं क्वार्टर. सुनेत्राचा ग्लोव्ह ट्रंकेत गेला, शालूच्या खाली.

७९ साली कॉलनीच्या लेडीज क्लबला कुठूनसं सॉफ्टबॉलचं सामान मिळालं आणि टीम काढायचं ठरलं. सुनेत्रा अशी हरखली की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. तिने ट्रंक उपसली, ग्लोव्हला खोबरेल चोळलं. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर टाइप केलेली यादी लागली. पिचर, सरोज माथुर. बॅटिंगला पहिल्या, सरोज माथुर. या सरोज मॅडम म्हणजे जगदीशच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. बाईंनी जन्मात चेंडू हातात धरला नव्हता. दुसरा नंबर उपसाहेबांच्या बायकोचा, तिसरा त्यांच्याही खालच्या साहेबांच्या बायकोचा... अहो, नवऱ्यांच्या हुद्द्यांची उतरंड होती ती, हुबेहूब! ड्राफ्ट्समनची बायको नववी. आणि मैदानात जागा कुठे, तर राइट फील्डला, जिकडे चेंडू वाट चुकला तरच येणार.

"तिथे उभं राहून मी काय गवत उपटू?" सुनेत्रा घरी कडाडली.

"अगं, हळू बोल," जगदीशने आधी खिडकी लावली. "माझा सी.आर. माथुर साहेब लिहितात."

सी.आर. म्हणजे साहेबाने वर्षाअखेर लिहायचा गोपनीय अहवाल. त्याच्यावर बढती. जगदीशची बढती पाच वर्षं अडकली होती, आणि त्या दोन अक्षरांपुढे घरात कोणाचंच काही चालत नसे.

मग काय, टीम हरायची. कधी बारा धावांनी, कधी वीस. सरोज मॅडमचे चेंडू बॅटचा टप्पा सोडून सगळीकडे जात. चार चेंडू चुकीचे पडले की बॅटिंग करणारी आयती पहिल्या बेसवर. अशा एकामागून एक बायका चालत, हसत, केस सावरत बेसवर जात आणि सुनेत्रा राइट फील्डला उभी राहून दात खाई. मॅच संपली की मॅडम समोसे मागवून म्हणत, "खेल में हार-जीत तो चलती है." सुनेत्राच्या घशाखाली तो समोसा उतरत नसे.

घरी येऊन ती मागच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या वर्तुळात चेंडू हाणायची. शंभर, दीडशे. पाच वर्षांची मृणाल पायरीवर बसून बघायची. एकदा म्हणाली, "मम्मी, मैच में ऐसे क्यों नहीं फेंकतीं?" पोरीला घरात कितीही मराठी शिकवा, उत्तर हिंदीत. पण प्रश्न बरोबर होता, आणि तोच झोंबला.

८२ च्या डिसेंबरात हवाईदलाच्या बायकांच्या टीमशी मॅच होती. सकाळीच सरोज मॅडमचं बोट गाडीच्या दारात सापडलं. "सुनेत्रा जी, तब तक आप सँभाल लीजिए," असं म्हणून त्या दवाखान्यात गेल्या.

सँभाल लीजिए! सुनेत्राने पदर, माफ करा, ओढणी कंबरेला खोचली आणि आठ वर्षांचं सगळं साठलेलं बाहेर काढलं. पाच डाव झाले, हवाईदलाला एकही धाव मिळाली नाही. ऑफिसच्या हेडक्लार्कची बायको, आठव्या नंबरची यमुना, टीममधली एकमेव खरी बॅटवाली, तिने दोन तडाखे दिले. चार-शून्य. बाहेर मृणाल उड्या मारत होती. सुनेत्राला एवढंच हवं होतं, की ही एक मॅच पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत आपल्या हाताने टाकावी. दोन डाव उरले होते.

तेवढ्यात मैदानाला गाडी लागली. बोटाला पट्टी, डोळ्यांना काळा चष्मा. पाठोपाठ फोटोग्राफर. बक्षिसाला दिल्लीचे साहेब येणार होते.

"अब ज़रा मैं," सरोज मॅडमनी हात पुढे केला.

सुनेत्राने चेंडू घट्ट धरला. तिने कडेला उभ्या जगदीशकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एवढा हुशार माणूस, किती लहान दिसत होता! तिला त्याचा राग आला आणि दयाही आली. तिने चेंडू दिला आणि राइट फील्डला जाऊन उभी राहिली.

चार-पाच. हरलो.

एप्रिलमध्ये बढती झाली. जगदीश पेढे आणि नव्या हंगामाची यादी घेऊनच घरी आला. "बघ, तू सहावी! आणि राइट फील्ड नाही आता, सेकंड बेस!"

सुनेत्राने यादी घेतली. तिला जागा करायला खालच्या तिघी एकेक नंबर घसरल्या होत्या. आठवी होती ती यमुना. ती आता नववी, राइट फील्डला. आणि सहाव्या ओळीत आपलं नाव बघून, क्षणभर का होईना, सुनेत्राला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा तिला इतका संताप आला की पेढ्याचा पुडा तिने तसाच टेबलावर आपटला.

रविवारी सरावाला बॅट यमुनाच्या हातात होती. चार वर्षं ती सुनेत्राला दीदी म्हणत आली होती. आज तिने दोन्ही हातांनी बॅट पुढे केली.

"पहले आप, मैडम."

"मॅडम कोणाला म्हणतेस गं?" सुनेत्रा तोंडाला आलं तसं मराठीतच ओरडली.

यमुनाला मराठी कुठलं कळायला? ती दोन पावलं मागे सरली, मान खाली घातली, आणि बॅट आणखी अदबीने पुढे केली.