आजोबांच्या नावाआधीचं ‘कै.’

लालबागच्या एका छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवायचे. जुळवायच्या त्या कॉम्प्युटरवर. अक्षरांचे शिशाचे खिळे तोवर भंगारात गेले होते. मालक मालवणकडचे, त्यांना सगळे काका म्हणत. मशीनं दोन होती. जुनं पोटमाळ्यावर, नवं रंगीत पडद्याचं खाली, गिऱ्हाइकांच्या नजरेत भरेल असं. खाली मी बसायचे आणि वर बाई.

बाई नायगावच्या बीडीडी चाळीतून यायच्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आणि छापखान्यातही माझ्या आधीपासून. नवं मशीन कालच्या पोरीला मिळालं हे त्यांना लागलं. मी ते मागून घेतलं असा समज करून घेऊन त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मीही करी रोडची, मीही बोलेनाशी झाले.

तरी फ्लॉपी होती. एकीचं काम दुसरीला हवं असलं की लोखंडी शिडीवरून फ्लॉपी न्यावी लागे, आणि देताना निदान ‘घ्या’ एवढं म्हणावं लागे. काकांना ही वर-खाली पसंत नव्हती. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी नेटवर्क घेतलं. दोन मशीनमध्ये एक काळी केबल, तिच्या दोन्ही टोकांना धातूची टोपणं, आणि डबाभर फ्लॉप्यांवर आलेलं सॉफ्टवेअर. आता वरची फाइल खाली आपोआप दिसू लागली. ‘घ्या’सुद्धा संपलं.

सॉफ्टवेअरसोबत इंग्रजीत एक मजकूर आला होता, कंपनीला आधीच माहीत असलेल्या अडचणींचा. काकांनी मला तो मराठीत सांगायला लावला. टोपण सैल झालं तर मशीनं एकमेकांना ओळख देणार नाहीत. प्रिंटर जोडलेलं मशीन बंद असेल तर दुसरं थांबून राहील. किती वेळ, ते दिलं नव्हतं. दोघांनी एकच फाइल उघडली तर जो नंतर सेव्ह करील त्याचंच राहील, आणि आधीच्याला तसं कळवलं जाणार नाही.

काका म्हणाले, “ह्येंका सगळां म्हायत असा, मगे दुरुस्त कित्याक करनत नाय?”

 मला मात्र कंपनीचं कौतुक वाटलं. मुलाचे दोष असे ओळीने लिहून देणारा वरपक्ष एवढ्या पत्रिका जुळवूनही माझ्या पाहण्यात नव्हता. वर पंख्याचा खडखडाट होता, त्यामुळे बाईंच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही.

ऐन लग्नसराईत परळच्या एका घरची पत्रिका आली. जुन्या पत्रिकेवरच नावं बदलून नवी करायची आमची रीत. त्या जुन्या पत्रिकेत आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ होतं, ते नव्या आजोबांनाही चिकटून राहिलं. मुलीच्या वडिलांनी प्रूफवर त्याभोवती लाल गोल काढून पाठवला. मी फाइल उघडून ‘कै.’ काढलं, ‘श्री.’ घातलं, सेव्ह केलं. त्याआधीच हॉल बदलल्याचा फोन आला होता आणि काकांनी ते काम बाईंना दिलं होतं, म्हणून तीच फाइल वरही उघडी होती. बाईंनी हॉल बदलला आणि माझ्यानंतर सेव्ह केलं. म्हणजे हॉल नवा आणि आजोबा पुन्हा कैलासवासी. मशीनांनी चकार शब्द काढला नाही, आणि आमचं तर बोलणंच बंद होतं. घाईत दुसरं प्रूफ निघालं नाही.

पत्रिका छापून गेल्या आणि एका सकाळी आजोबा स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पत्रिका. काकांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. आजोबा सावकाश बसले, पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, “ह्यातला कैलासवासी तो मी.”

मग त्यांनी काम कोणी केलं ते विचारलं. काकांनी बाईंना खाली बोलावलं. कित्येक महिन्यांनी आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

“दोघींपैकी मला मारलं कोणी?” आजोबांनी शांतपणे विचारलं.

मी सांगितलं की मी ‘कै.’ काढलं होतं. बाई म्हणाल्या, त्यांनी त्या ओळीला हातसुद्धा लावला नव्हता. दोघींचंही खरं होतं आणि ‘कै.’ तर समोर छापलेलं होतं. तेव्हा मला तो अडचणींचा मजकूर आठवला. पडद्यावर उघडून मी ती ओळ मराठीत सांगितली, तोंड आजोबांकडे करून, पण खरं तर बाईंसाठी. बाई वाकून पडद्याकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे तू केलेलं मी पुसलं,” त्या म्हणाल्या, “आणि मला कळलंपण नाही.”

त्या माझ्याशी बोलल्या हे माझ्या जरा वेळाने लक्षात आलं.

आजोबा मात्र हसायला लागले. घरी सून रडली होती, मुलगा भांडायलाच निघाला होता, त्याला बसवून ते आले होते. काकांनी नव्या पत्रिका छापून द्यायचं कबूल केलं. आजोबांनी मान डोलावली, पण चुकीच्यांतला एक गठ्ठाही मागून घेतला. संध्याकाळी बागेत बसणाऱ्या दोस्तांना त्या स्वतःच्या हाताने वाटायच्या होत्या. “त्यांची तोंडं बघायची आहेत,” ते म्हणाले. “खरोखर गेल्यावर कुठे बघायला मिळणार?”

त्या दिवसापासून आम्ही फाइल घेताना ओरडून सांगू लागलो. “दादरची घेतली.” “सोडली.” सुरुवातीला तेवढंच. मग घेतली आणि सोडलीच्या मध्ये हळूहळू डब्यातली भाजी शिरली, त्यांच्या मुलाची परीक्षा शिरली, माझ्यासाठी आलेली स्थळंही शिरली. त्यांतलं एक बाईंनी वरूनच नापास केलं. काका म्हणायचे, शेवटी ओरडायचंच होतं तर फ्लॉपी काय वाईट होती.

पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. उघडी असलेली फाइल उघडायला गेलं की ती आता सांगायची, ही फाइल दुसरं कोणीतरी वापरत आहे. बाईंना तो निरोप मुळीच आवडला नाही. दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, नाव घ्यायला लाज वाटते का, असं त्या पडद्यालाच विचारायच्या. त्यांचे गुडघे शिडीला कुरकुरू लागले तेव्हा काकांनी वरचं मशीन खाली आणून माझ्याशेजारी मांडलं. हातभर केबल पुरली. मग ओरडायची गरज राहिली नाही. फाइल हवी असली की बाई मला कोपराने ढोसायच्या.