पहिलं बाळंतपण

बहिणीला सातवा महिना लागला तसा मी तिला आणायला मानवतजवळ तिच्या सासरी गेलो. त्या गावात नुकताच सरकारी दवाखाना झाला होता. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "हिच्या पायावर लय सूज हाय. बाळंतपण हितंच होऊ द्या." मला रागच आला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, एवढंही या बाईला कळू नये? मी बहिणीला एसटीत बसवलं.

आमच्या गावात दवाखाना नव्हता. बाळंतपणात बहीण गेली, पोरगी वाचली.

वर्षाच्या आत आमच्या गावातही दवाखाना झाला. भाचीला डोस पाजायला मीच घेऊन गेलो. तिच्या तोंडात थेंब सोडत नव्या नर्सबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला लेकराच्या आईला पाठवा."

मी बरं म्हणालो.