वय बरोबर होतं

माझा धाकटा भाऊ श्रावणात दीपनगरच्या वीजकेंद्राजवळच्या राखेच्या विटांच्या कामावरून निघून गेला. त्याचं डोकं आधीपासूनच अधूनमधून फिरायचं. चार दिवस नीट असायचा, मग दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटायचा. पण दरवेळी शेवटी जळगावला माझ्या दारात येऊन बसायचा आणि "अक्का, भूक लागनी" म्हणायचा. आई-वडील गेल्यावर त्याला मीच उरले होते. त्या वेळी तो आला नाही.

पोलिसांत नवऱ्याने तक्रार दिली. मी मागे उभी होते. अंगावर काही खूण आहे का, असं हवालदारांनी विचारलं. डाव्या भुवईवर जुनी खोक आहे हे मला ठाऊक होतं, पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. नवऱ्याने "नाही" सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं.

पुढे कुणीतरी सांगितलं की धुळ्याला रस्त्यावर सापडलेल्या माणसांना ठेवणारा एक आश्रम आहे आणि ते लोक नावं वेबसाइटवर टाकतात. नवऱ्याने ती माझ्या फोनवर लावून दिली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण वाचायला तेवढी पुरते. रोज दुपारी कामावरून आले की मी भावाचं नाव टाकून शोधायचे. काही सापडले नाही, असं यायचं. मग सगळी यादी वरून खाली बघायचे. जुनी नावं मराठीत नीट होती. नव्या ओळींत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती, पुढे इंग्रजी आकड्यांत वय आणि बोटाच्या पेराएवढा फोटो. मला वाटलं, या माणसांना आपलं नाव सांगता आलं नसेल, म्हणून तिथे प्रश्न टाकला असेल.

त्यातल्या एका ओळीपुढे वय त्रेचाळीस होतं. माझा भाऊ त्रेचाळीसचा. मी तिथे थांबले. फोटोत डोकं भादरलेला, दाढी वाढलेला माणूस खाली बघत होता. माझ्या भावाचे केस दाट. आणि तो तर बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही आधी आपलं नाव सांगतो, मग कुठे जायचं ते विचारतो. हा तो नाही, असं मी ठरवलं आणि बोटाने यादी खाली सरकवली. एकदा नाही, पुष्कळदा.

मी एका ताईंकडे पोळ्या करते. त्या घरी बसून कंपन्यांच्या वेबसाइटचं काम बघतात. माघ महिन्यात एके सकाळी त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की गिऱ्हाइकांची सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली आहेत, डेटाबेस जोडताना तुम्ही एन्कोडिंग बघितलंच नाही. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तरी मी त्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन दिवस विचारावं की नाही यातच गेले, आणि ते दोन दिवस भाऊ तिकडेच होता.

तिसऱ्या दिवशी भांडी आवरून झाल्यावर मी फोन त्यांच्यापुढे धरला. ताईंनी ती यादी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि बराच वेळ बघितली. मग मला समजेल असं सांगितलं. माणूस मराठीत नाव टाइप करतो ते बरोबर असतं, सर्व्हरपर्यंतही बरोबर पोचतं. पण ज्या तक्त्यात ते ठेवायचं तो फक्त इंग्रजी अक्षरांसाठी केलेला असला, तर ओळखीचं नाही त्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह ठेवतो. आकडे त्याला ओळखता येतात, म्हणून वय तसंच राहतं.

"मग नाव परत आणता येईल?" मी विचारलं.

"नाही. वेडीवाकडी चिन्हं दिसली असती तर आणता आलं असतं. प्रश्नचिन्ह साठवलं म्हणजे नाव तिथे उरलेलंच नाही."

त्यांनी मला भावाचं पूर्ण नाव कागदावर लिहायला लावलं. मग अक्षरं मोजली. काना वेगळा, वेलांटी वेगळी, कारण यंत्र ती वेगळी धरतं. त्रेचाळीस वयाच्या ओळीतली प्रश्नचिन्हं मोजली. नावाची जुळली, वडिलांच्या नावाची जुळली, आडनावाचीही जुळली. ताईंनी फोटो मोठा केला. डाव्या भुवईवर खोक होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला गेले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. आश्रमात लिखापढी करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना नाना म्हणत. मी ताईंची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि रजिस्टर काढलं. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात माझ्या भावाचं नाव होतं. पुढे गाव होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, बहीण जळगावला असते. तारीख भाद्रपदातली. गावाला पत्र टाकलं होतं, असं नाना म्हणाले. पण गावात आमचं कुणी राहिलेलं नाही.

"वेबसाइट नवीन केली तेव्हापासून मीच टाइप करतो," नाना म्हणाले. "टाइप करताना नाव चांगलं दिसतं. सेव्ह झालं म्हणून येतं. मग मी बंद करतो." टाकलेलं बाहेर कसं दिसतं, हे त्यांनी कधी उघडून बघितलं नव्हतं. रजिस्टरवरून सगळी नावं परत टाकायला हवीत, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. तक्ता दुरुस्त करून घेतो आणि टाकतो, असं ते म्हणाले. मी अजून बघते. अजून प्रश्नचिन्हंच आहेत.

भाऊ मागच्या ओट्यावर बसला होता. पहिले दोन महिने तो फाटकाशी बसायचा, नाव कॉम्प्युटरवर टाकलं ना, आता माझी माणसं येतील, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मग ते सांगणं बंद झालं. हे मला तिथल्या स्वयंपाकीण बाईंनी सांगितलं. मला बघून तो उठला, पिशवी घेतली आणि बरोबर आला.

घरी आल्यावर आठवडाभराने, मी पीठ चाळत असताना, तो बोलला.

"अक्का, मन्हं नाव त्यासनी कम्प्युटरमा टाकेल व्हतं. बठ्ठासनी दखं व्हई. तरी कोणी उनं नही."

सगळ्यांनी बघितलं असेल, तरी कुणी आलं नाही, हे त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, "तठे नाव दिखत नव्हतं, भाऊ." ताईंनी सांगितलं तसं, मला जमेल तसं, सगळं सांगितलं. तक्ता, अक्षरं, प्रश्नचिन्हं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं,

"वय तं दिखत व्हतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. मी मान हलवून हो म्हटलं.

तो उठून बाहेर जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याने मला अक्का म्हणून हाक मारलेली नाही. ताट वाढलं की येतो, जेवतो.